लांब नळी बरी, कीं आंखूड ?

सेनगांवहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घर एकत्र कुटुंबाचें. सासूबाई, दोन दीर, जावा, मुलेंबाळें मिळून रोज चौदा पानें पंक्तीला पडतात. धाकट्या दिरांचे चिरंजीव राज्य राखीव पोलीस बलांत भरती झाले असून नुकतेच सुटीवर घरीं येऊन गेले. ते आले त्याच रात्रीं ओसरीवर सुपारी कातरतां कातरतां वाद निघाला, तो ते परत जाईपर्यंत मिटला नाहीं. थोरल्या भाऊजींचें म्हणणें असें कीं, बंदुकीची नळी जितकी लांब तितकी ती खरी. पूर्वी पोलिसाच्या खांद्यावर छातीइतकी उंच रायफल असे, हल्लीं पोरांच्या हातीं खेळणीं देतात. धाकट्यांचें म्हणणें नेमकें उलट : सारें जग आंखूड बंदुकांकडे चाललें आहे, तें कांहीं मूर्ख म्हणून नव्हे. बाई लिहितात, "भाऊजींचे वाद नेहमींचेच. मला दोनच गोष्टी कळावयास हव्यात. आमच्या मुलाच्या हातीं आंखूड बंदूक आहे ती कमी प्रतीची म्हणून दिली आहे काय ? आणि चांदमारीच्या सरावापासून त्याच्या कानांत सारखें गुणगुणतें, त्याचा या लांबी-आंखूडपणाशीं कांहीं संबंध आहे काय ?"

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत बंदुकीचा विषय कशास, असें कोणी म्हणेल. परंतु हिंगोलीस राखीव बलाचा बारावा गट आहे, आणि त्या जिल्ह्यांतच काय, साऱ्या मराठवाड्यांत पहांटे रस्त्यानें धांवणारीं भरतीच्या उमेदीचीं मुलें कोणासहि दिसतील. आपल्या कायद्याप्रमाणें लष्करी नमुन्याची अर्धस्वयंचलित रायफल सामान्य गृहस्थास सहसा बाळगतां येत नाहीं, व तें योग्यच आहे. ती आपल्या घरांत येते ती मुलाच्या नोकरीच्या रूपानें. मुलगा बँकेंत लागला तर व्याजाचे दर आपण समजून घेतोंच. मग हेंहि समजून घेण्यास हरकत नसावी.

प्रथम नळीचें काम पाहूं. चुलीवर फुंकणी धरून फुंकणाऱ्या पिढीला हें सांगावें लागणार नाहीं. इतरांनीं लहानपणीं पपईच्या देठांतून वाटाणा उडविल्याचें आठवावें. देठ बोटभर असला तर वाटाणा पुढ्यांतच पडतो, वीतभर असला तर भिंतीवर आपटतो. श्वासाचा दाब वाटाण्यामागें जितका अधिक वेळ राहील तितका वेग त्यास मिळतो. बंदुकींतहि तसेंच होतें. काडतुसांतील दारू पेटून वायु होते, तो वायु गोळीस ढकलीत नेतो, आणि गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडली कीं ढकलणें संपतें. परंतु देठ हातभर लांब घेऊन पाहा ! वाटाणा वाटेंतच रेंगाळतो, कारण पुढें पुढें दाब ओसरतो आणि घर्षण मात्र तेवढेंच राहतें. म्हणून नळीच्या प्रत्येक वाढत्या इंचाचा लाभ आधींच्या इंचाहून कमी असतो. हल्लींच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाच्या रायफलींत एक इंच नळी कमी केल्यास गोळीचा वेग सेकंदास साधारणतः आठ ते पंधरा मीटरांनीं घटतो. मूळ वेग नऊशें मीटरांच्या घरांत असतां ही घट कांहीं दिवाळें काढणारी नव्हे. पण चार-पांच इंच कापले तर ती जाणवूं लागते.

थोरल्या भाऊजींच्या मनांत जी रायफल आहे ती ली-एन्फील्ड, लोकांच्या तोंडीं 'थ्री-नॉट-थ्री'. गंमत अशी कीं, ही रायफल जन्मली तीच 'आंखूड' या नांवानें. इंग्रजांच्या पायदळापाशीं पूर्वी ३० इंच नळीची लांब रायफल असे, आणि घोडेस्वारांपाशीं सुमारें २१ इंचांची कार्बाइन. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत हें द्वैत अडचणीचें ठरलें, तेव्हां दोघांनाहि चालेल अशी २५ इंच नळीची एकच रायफल काढण्यांत आली. त्या वेळच्या जाणत्यांनीं तिच्यावर टीकेची झोड उठविली. पायदळास ती फार आंखूड आणि घोडेस्वारास फार लांब, असें त्यांचें म्हणणें. तीच रायफल पुढें दोन महायुद्धें लढली, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर एकविसाव्या शतकांतहि कित्येक वर्षें राहिली. एका पिढीचें खेळणें दुसऱ्या पिढीस भीमाची गदा वाटतें, तें असें.

आतां आंकडे पाहिले म्हणजे ओसरीवरचा वाद कोठें घसरला तें दिसेल. थ्री-नॉट-थ्रीची नळी २५ इंच, म्हणजे ६४० मिलिमीटर, व गोळीचा वेग सेकंदास सुमारें ७४५ मीटर. तिच्यामागून १९६० नंतरच्या दशकांत सैन्यांत आणि पुढें पोलिसांत आलेली इशापूरची स्वभरण रायफल, जिला सारे 'एस्‌.एल्‌.आर्‌.' म्हणतात, तिची नळी २१ इंच, वेग सुमारें ८४० मीटर. पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्र-संशोधन संस्थेंत आंखली गेलेली 'इन्सास' रायफल. तिची नळी ४६४ मिलिमीटर, म्हणजे सव्वाअठरा इंच, आणि वेग ९०० मीटर. नळी आंखूड होत गेली आणि वेग वाढत गेला ! याचा अर्थ आंखूड नळी वेग वाढविते असा नव्हे. प्रत्येकीचें काडतूस निराळें आहे. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ११ ग्रॅमांहून अधिक वजनाची, इन्सासची अवघी चार ग्रॅमांची. म्हणून वेग जास्त असूनहि इन्सासच्या गोळीचा तडाखा थ्री-नॉट-थ्रीच्या सुमारें निम्माच भरतो. कलाश्निकॉव्हची नळी ४१५ मिलिमीटर व गोळी सुमारें आठ ग्रॅमांची, तिचा वेग ७१५ मीटर. नळीची तुलना करावयाची ती एकाच काडतुसाच्या दोन रायफलींत. तांब्याचा तांब्याशीं आणि घागरीचा घागरीशीं. एरव्हीं मापें फुकट जातात.

पण नळीची लांबी हा अर्धाच विषय झाला. ही गोष्ट ओसरीवर कोणाच्या लक्षांत आली नसावी. थ्री-नॉट-थ्रींत एक गोळी झाडल्यावर दांडा उचलून मागें ओढावा लागतो, रिकामें टरफल बाहेर पडतें, मग दांडा पुढें ढकलून खालीं दाबावयाचा, तेव्हां दुसरें काडतूस घरांत बसतें. हें सारें हातानें करावें लागतें. अर्धस्वयंचलित रायफलींत तेंच काम गोळीमागचा वायु करतो. नळीस मध्येंच एक बारीक छिद्र पाडलेलें असतें. गोळी त्या छिद्रापुढें सरकली कीं वायूचा थोडा अंश तेथून वर निघतो, बोल्ट मागें लोटतो, टरफल फेंकतो, स्प्रिंग दाबतो. आणि स्प्रिंग परत येतांना नवें काडतूस आंत नेते. खटका एकदां दाबला कीं गोळी एकच सुटते. पुढच्या गोळीसाठीं तो सोडून पुन्हां दाबावा लागतो. खटका दाबून धरला असतां गोळ्या सुटतच राहिल्या तर ती पूर्ण स्वयंचलित.

वायूकडून हें काम करून घेण्याच्या तऱ्हा तीन. पहिलींत एक लांब दट्ट्या बोल्टच्या गाड्यास कायमचा जोडलेला असतो आणि दोघे मिळून शेवटपर्यंत मागें जातात. पिचकारीचा दांडा आणि दट्ट्या एकच असावे तसें. कलाश्निकॉव्ह व इन्सास या कुळींतल्या. हलणारा भाग जड असल्यामुळें धूळ-चिखलाची ती फारशी पर्वा करीत नाहीं. मात्र प्रत्येक गोळीगणिक तें सारें वजन मागें-पुढें आदळतें आणि नेम थोडा हलतो. दुसऱ्या तऱ्हेंत दट्ट्या आंखूड असतो. कॅरममध्यें स्ट्रायकर सोंगटीस टोला देऊन थांबतो तसा तो बोल्टच्या गाड्यास एक धक्का देतो व परत येतो, गाडा आपल्या वेगानें पुढचें काम करतो. बेल्जियन बांधणीची आपली एस्‌.एल्‌.आर्‌. ही या तऱ्हेची. तिसरींत दट्ट्याचा दांडाच नाहीं. एका बारीक नळकांड्यांतून वायु थेट बोल्टच्या गाड्यापर्यंत नेला जातो. अमेरिकन एम्‌-१६ अशी आहे. वजनास हलकी, नेमास सरळ. पण जळक्या दारूची काजळी थेट यंत्राच्या पोटांत! व्हिएतनामच्या युद्धांत आरंभीं या रायफली अडकूं लागल्या, त्यास दारूचा प्रकार बदलणें, साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा आणि घरास क्रोमचा मुलामा नसणें हीं कारणें होतीं. १९६७ सालीं अमेरिकन लोकसभेच्या एका समितीनें त्याची चौकशी केली. सुधारणा झाल्यावर तीच रायफल पुढें अनेक दशकें नीट चालली.

आतां दोन्ही धागे एकत्र येतात, आणि या विषयांतली खरी मौज येथें आहे. नळी आंखूड करावयाची तर तोंडाकडचा तुकडा कापला म्हणजे झालें, असें वाटेल. पण छिद्र कोठें आहे ? एम्‌-१६ ची नळी २० इंच, आणि तिला छिद्र सुमारें १३ इंचांवर. ती जर साडेचौदा इंचांची केली, जशी तिचीच बहीण एम्‌-४ आहे, तर छिद्रापुढें जेमतेम दीड इंच नळी राहील. छिद्रांतून वायु निघतो न निघतो तोंच गोळी बाहेर पडेल आणि नळींतील दाब कोसळेल. बोल्टला हलवण्यास वेळच मिळणार नाहीं. मूळ वीस इंची नळींत छिद्रापुढचे सात इंच पार करण्यास गोळीस एका सेकंदाचा सुमारें पांच हजारावा भाग लागतो. आपल्यास तो शून्य वाटतो. त्या यंत्राचा सारा संसार तेवढ्या वेळांत होतो.

म्हणून एम्‌-४ मध्यें छिद्र मागें, साडेसात इंचांच्या आसपास, आणलें. पुढें पुन्हां सात इंच उरले, वेळ साधली. पण दुसरें संकट उभें राहिलें. दारू नुकतीच पेटलेली असते तेथें, म्हणजे मागच्या बाजूस, वायूचा दाब पुष्कळ जास्त असतो. त्या दाबाचा वायु बोल्टवर आला कीं बोल्ट घाईनें उघडूं लागतो. स्वयंपाकघरांतलाच दाखला घ्या : कुकरची वाफ जिरण्यापूर्वींच झांकण उघडण्याचा प्रयत्न केला तर काय होतें ! काडतुसाचें पितळी टरफल तोंवर आंतील दाबानें घराच्या भिंतींस चिकटलेलें असतें. त्यास आंकडी लावून ओढलें तर त्याची कड तुटते, टरफल आंतच राहतें, आणि रायफल ऐन वेळीं मुकी होते. बोल्टचे दांते लवकर झिजतात तें वेगळेंच. यावर उपाय म्हणून सोळा इंची नळीच्या कांहीं रायफलींत छिद्र मधोमध, सुमारें नऊ इंचांवर ठेवूं लागले. तेथें दाब थोडा उतरलेला, आणि पुढें सहा-सात इंच नळी शिल्लक. आमच्या मतें साऱ्या तडजोडींत ही अधिक शहाणपणाची. तेवढ्याच सोळा इंची नळीस छिद्र मात्र कार्बाइनच्या जागीं, अशी जोडी बाजारांत अमेरिकेंत पुष्कळ विकली जाते. तींत दाबहि जास्त आणि वेळहि जास्त, म्हणजे यंत्रास दुहेरी मार. घेणाऱ्यास तें कळत नाहीं, कारण रायफल चालते; अधिक वायूनें चालणारें यंत्र नवें असेपर्यंत नेहमींच जोमदार वाटतें.

दट्ट्याच्या रायफलींस हाच प्रश्न आहे, परंतु त्यांच्यांत त्यावर एक सोय करतां येते. एस्‌.एल्‌.आर्‌. वर व इन्सासवर वायु कमी-जास्त करण्याची कळ असते. स्वच्छ रायफलीस थोडा वायु पुरतो. धूळ बसली, तेल सुकलें, कीं अधिक लागतो. सेनगांवकडील काळ्या मातीची उन्हाळी धूळ ज्यांनीं पाहिली आहे त्यांना अशी कळ कशास हवी हें सांगावयास नको. पण कळ जास्तीवर ठेवून साफसफाई टाळणारा शिपाई यंत्राचें आयुष्य खातो. आमच्या भगिनींनीं चिरंजीवांस तेवढें जरूर विचारावें !

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर. आंखूड रायफल कमी प्रतीची म्हणून दिली जात नाहीं. पोलिसाचें काम मैलावर नेम धरण्याचें नसतें. तो गाडींतून चढतो-उतरतो, जिन्यावर, बोळांत, झाडींत वावरतो. गडचिरोलीच्या जंगलांत तर पावलापावलाला वेली अडकतात. थ्री-नॉट-थ्रीची एकंदर लांबी सुमारें पावणेचार फूट, इन्सासची तीन फुटांहून थोडी अधिक. वाड्याच्या दिंडी दरवाज्यांतून लांब काठी घेऊन जाणाऱ्यास हा सहा-सात इंचांचा फरक कळेल. शिवाय जड गोळीची लांब नळीची रायफल भरवस्तींत झाडली तर ती गोळी पलीकडच्या भिंतीमागच्या माणसाचाहि विचार करीत नाहीं. पोलिसास हा विचार सैनिकाहून अधिक करावा लागतो.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र येथें आठवावीच लागते. मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर दोघे हल्लेखोर कलाश्निकॉव्ह घेऊन शिरले. तेथें ५८ माणसें मेलीं. स्टेशनांतील पोलिसांपैकीं पुष्कळांच्या हातीं लाठ्या होत्या, कांहींच्या हातीं थ्री-नॉट-थ्री. एका हवालदारानें सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली. पुढें त्याचा शौर्यपदकानें गौरव झाला. त्या फलाटावर पंचवीस इंच नळीचा कांहींएक उपयोग नव्हता, कारण अंतर थोडें. उणीव होती ती दुसऱ्या गोळीस लागणाऱ्या वेळाची. समोरच्याच्या मॅगझिनांत तीस काडतुसें, आणि दर गोळीस हात फक्त खटक्यावर. इकडे मॅगझिनांत दहा, आणि दर गोळीस दांडा ओढणें. आणखी एक गोष्ट, जी शस्त्राच्या चर्चेंत नेहमीं मागें पडते : वर्षाकाठीं मोजकींच काडतुसें सरावास मिळालेल्या हाताला उत्तम रायफलहि उपयोगी पडत नाहीं. या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीपुढें पोलिसांच्या शस्त्रांचा व तयारीचा प्रश्न आलाच. भाऊजींनीं ओसरीवर वाद घालावयाचाच तर नळीच्या इंचांपेक्षां सरावाच्या काडतुसांवर घालावा, असें आम्हांस वाटतें.

कानांच्या प्रश्नास मात्र विनोदानें उत्तर देतां येत नाहीं. होय, संबंध आहे. नळी आंखूड झाली कीं वायु अधिक दाबानें बाहेर पडतो, आणि तोंडहि कानाजवळ येतें. दोन्हींनीं आवाज वाढतो. व्हिएतनाममध्यें एम्‌-१६ ची दहा इंची नळीची एक कार्बाइन निघाली होती. तिचा आवाज व ज्वाळा इतक्या असह्य झाल्या कीं पुढच्या नमुन्यांत तोंडाशीं आवाज दाबण्याचें साधन बसवून नळी साडेअकरा इंचांची करावी लागली. परंतु लांब नळीहि निर्दोष नव्हे. लष्करी नमुन्याच्या रायफलीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशीं दीडशें डेसिबेलच्या वर जातो, आणि अशा एकेका धडाक्यास धोक्याची मर्यादा १४० डेसिबेल मानतात. आंतल्या कानांत ज्या सूक्ष्म केशपेशी आवाज टिपतात त्या एकदां मेल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. गुणगुणणें ही त्या पेशींची तक्रार असते. कधीं ती एक-दोन दिवसांत शमते. सरावाला आठवडे उलटूनहि राहिली असेल तर चिरंजीवांनीं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऐकण्याची मोजणी करून घ्यावी, आणि पुढच्या वेळीं असें झाल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांतच जावें, कारण उपचार होण्यासारखे असतील तर ते तेव्हांच. घरीं कानांत लसणीचें तेल ओतूं नये. मार बसला आहे तो पडद्यामागें फार आंत, तेथवर तेल पोहोंचत नाहीं. आणि सरावाच्या वेळीं कानांत बोळे व वर मफ घालण्यास मुलानें संकोच करूं नये. पुष्कळ तरुण शिपाई तें भित्रेपणाचें लक्षण समजतात. पन्नाशींत टी.व्ही. चा आवाज वाढवून घरच्यांशीं भांडणारे निवृत्त हवालदार पाहिले म्हणजे हा शूरपणा कितीला पडतो तें कळतें. पत्रांत लिहिलें आहे कीं हल्लीं हांक मारली तरी तो ओ देत नाहीं आणि सासूबाई त्यास उद्धट म्हणतात. सासूबाईंस हें एवढें अवश्य वाचून दाखवावें.

धाकट्या भाऊजींसाठीं शेवटीं थोडें. सारें जग आंखूड नळीकडे चाललें आहे, हें अर्धेंच खरें. सैन्यानें २०१९ सालीं अमेरिकन कंपनीकडून ज्या बहात्तर हजार चारशें रायफली मागविल्या त्यांची नळी सोळा इंच. अमेठीजवळ कोरवा येथें रशियाच्या सहकार्यानें होणारी एके-२०३ हिचीहि ४१५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या कलाश्निकॉव्हइतकीच. सोळा इंचांच्या आसपास येऊन बहुतेकांची पावलें थांबलीं आहेत, कारण त्याखालीं गेलें कीं वेग, आवाज आणि वायु तिघेहि एकदम रुसतात. त्याहून आंखूड हवी असेल तर नळी कापून भागत नाहीं, काडतूसच नवें आंखावें लागतें. पाषाणच्या संस्थेनें कानपूरच्या कारखान्याबरोबर केलेल्या संरक्षक कार्बाइनमध्यें तेंच केलें आहे : ५.५६ मिलिमीटरचीच गोळी, पण ४५ मिलिमीटरच्या टरफलाऐवजीं ३० मिलिमीटरचें, म्हणजे थोडी दारू आंखूड नळींतच जळून जावी. तीहि वायूनेंच चालते. डिसेंबर २०२० मध्यें संरक्षण खात्यानें तिच्या अखेरच्या चाचण्या पार पडल्याचें जाहीर केलें. तिचा परिणामकारक पल्ला शंभर मीटरांहून अधिक सांगितला आहे आणि वजन सुमारें तीन किलो. थोरल्या भाऊजींच्या थ्री-नॉट-थ्रीहून जवळजवळ किलोभर कमी.